जुन्या घडणीच्या मॉड्युलर सिंथेसायझरची किंमत आणि मूल्य : एक चिकित्सक विचार

सारांश : इ.स. १९६० च्या दशकातील घडणीचे मॉड्युलर सिंथेसायझर आज लाखो रुपयांना विकले जातात. त्याच रचनेचा नाद देणारी संगणक-आज्ञावली अल्प किमतीत किंवा विनामूल्य मिळते. या तफावतीचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. वाद्याच्या किमतीतील नाद, कार्यपद्धती आणि दुर्मीळता हे तीन घटक वेगळे करून, अहमदाबाद, मुंबई, सांगली आणि मिरज येथील दाखल्यांच्या आधारे ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने या वाद्याचे मूल्य ठरविण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : मॉड्युलर सिंथेसायझर, नादजाती, कार्यपद्धती, दुर्मीळता, श्रुति-हार्मोनियम, तंबोरा.

१. प्रस्तावना

संगीतविषयक मराठी लेखनात गायक, घराणी, बंदिशी, रागविचार आणि मैफिलींच्या आठवणी यांना मोठे स्थान आहे. वाद्यांच्या किमतीला मात्र त्यात फारसे स्थान नाही. वाद्याची किंमत ही बाजाराची बाब आणि वाद्याचे मूल्य ही कलेची बाब, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली आहे. प्रत्यक्ष वाद्य विकत घेणाऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला ही वाटणी परवडत नाही. तिला दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी, आणि तीही मर्यादित पैशांत, द्यावी लागतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी स्तरावर कौशल्याधारित आणि बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांची चर्चा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. नरखेड तालुका हा संत्र्याच्या पट्ट्यातील तालुका. येथील सांगीतिक जीवनाचा कणा म्हणजे भजनी मंडळाची पेटी, ढोलक, टाळ आणि खंजिरी. अशा ठिकाणी ध्वनी व संगीत तंत्रज्ञानाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करता येईल काय, याविषयी आमच्याकडे चर्चा चालू असताना एका शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याने आपल्या मोबाइलवर जुन्या मूग सिंथेसायझरची हुबेहूब प्रतिकृती उघडून दाखविली. मूळ वाद्याची किंमत ऐकल्यावर त्याने विचारले, "आवाज तं सारखाच येते, सर. मंग हे लाखो रुपये कायचे?" प्रस्तुत निबंध हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. प्रश्न भाबडा नाही. प्रयोगशाळेसाठी मंजूर होणारा प्रत्येक रुपया दुसऱ्या कशातून तरी वजा होत असतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

(अ) मॉड्युलर सिंथेसायझरचे स्वरूप आपल्या संगीतशास्त्राच्या परिभाषेत स्पष्ट करणे.
(आ) त्याच्या उच्च किमतीमागील घटकांचे पृथक्करण करणे.
(इ) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, समांतर दाखल्यांच्या आधारे त्याच्या मूल्याचा निर्णय करणे.

येथे विचार केला आहे तो जुन्या घडणीच्या, म्हणजे सुट्या घटकांच्या आणि तारांनी जोडावयाच्या, विद्युत्-वाद्याचा. लग्नसमारंभात किंवा वाद्यवृंदात वाजणारा तयार आवाजांचा की-बोर्ड या विवेचनात तुलनेपुरताच येतो.

३. वाद्याचे स्वरूप

आपल्या संगीतशास्त्रात नादाची तीन लक्षणे सांगितली जातात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. एकाच उंचीचा आणि एवढ्याच जोराचा सूर पेटीचा आहे की सारंगीचा, हे आपण जातीवरून ओळखतो. मॉड्युलर सिंथेसायझरची रचना या तीन लक्षणांच्या आधारे सहज समजते. ऑसिलेटर हा घटक विद्युत्-कंपने निर्माण करून नादाची उच्चनीचता ठरवितो. फिल्टर त्या कंपनांतील काही उपस्वर गाळून नादाची जाती बदलतो. अँप्लिफायर नादाचा लहानमोठेपणा नियंत्रित करतो. नाद कसा उमटावा, किती काळ टिकावा आणि कसा विरावा, हे ठरविणारा आणखी एक घटक असतो. हे सर्व घटक परस्परांना कायमचे जोडलेले नसतात. वादकाने ते तारांनी जोडावयाचे असतात. जोडणी बदलली की वाद्य बदलते.

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये या वाद्याचा पहिला नमुना तयार केला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनी स्वतंत्रपणे अशीच रचना केली. मूग यांच्या वाद्यात विद्युतदाब एका व्होल्टने वाढविला की सूर एका सप्तकाने चढतो. हे सूत्र पुढे या क्षेत्रात सर्वत्र रूढ झाले. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना या वाद्यावर ध्वनिमुद्रित केल्या आणि प्रयोगशाळेतील हे यंत्र सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले.

४. किमतीचा चढउतार

या वाद्याच्या किमतीचा इतिहास बोधप्रद आहे. १९७० मध्ये मूग कंपनीने मिनिमूग हे सुटसुटीत वाद्य आणले. त्यातील घटक आतून कायमचे जोडलेले होते, त्यामुळे तारांची गरज उरली नाही. १९८३ मध्ये यामाहा कंपनीचा डीएक्स-७ हा अंकीय सिंथेसायझर आला आणि जुनी वाद्ये एकाएकी कालबाह्य ठरली. ती मातीमोल भावाने विकली गेली. पुढे तीच वाद्ये नव्या पिढीच्या संगीतकारांना हवीशी वाटू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील डीटर डॉप्फर यांनी युरोरॅक नावाने लहान आकाराच्या घटकांची पद्धत सुरू केली आणि मॉड्युलर वाद्याला दुसरा जन्म मिळाला.

२०१५ मध्ये मूग कंपनीने आपली जुनी मॉड्युलर वाद्ये मूळ रचनेनुसार, हाताने डाख देऊन, पुन्हा मर्यादित संख्येत तयार केली. त्यांपैकी मॉडेल १५ ची किंमत १०,००० डॉलर, सिस्टिम ३५ ची २२,००० डॉलर आणि सिस्टिम ५५ ची ३५,००० डॉलर होती. तेव्हाच्या विनिमयदराने या किमती अनुक्रमे सहा लाख, साडेतेरा लाख आणि एकवीस लाख रुपयांच्या पुढे जातात. वाहतूक, आयातशुल्क आणि कर त्यावर वेगळे. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्याच कंपनीने मॉडेल १५ ची प्रतिकृती आयपॅड व आयफोनसाठी सुमारे ३० डॉलरला, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास, उपलब्ध करून दिली. २०१७ पासून व्हीसीव्ही रॅक ही संगणकावरील मॉड्युलर आज्ञावली विनामूल्य मिळते. २०२० पासून बेहरिंगर कंपनीने सिस्टिम ५५ च्या घटकांच्या स्वस्त प्रत्यक्ष प्रतिकृती बाजारात आणल्या.

एकाच कंपनीने एकाच रचनेसाठी एका वर्षाच्या अंतराने दहा हजार आणि तीस डॉलर अशा किमती घ्याव्यात, यातच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. ही तफावत केवळ नादाची असू शकत नाही.

५. किमतीचे तीन घटक

या किमतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र विकल्या जातात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

५.१ नाद : जुन्या घडणीच्या वाद्याचा नाद 'उबदार' असतो असे त्याचे चाहते सांगतात. या शब्दामागे भौतिक कारणे आहेत. जुने ऑसिलेटर पूर्ण स्थिर नसतात. दोन ऑसिलेटर एकाच सुरात लावले तरी त्यांच्यात सूक्ष्म फरक राहतो आणि तो क्षणोक्षणी बदलतो. फिल्टरमध्ये संकेत जास्त झाला की नवे उपस्वर उमटतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी काटेकोर मिळूनही त्यांत जो जिवंतपणा राहतो, त्याच्या जवळचा हा अनुभव आहे.

तथापि, हीच अस्थिरता दोषही असते. या वाद्यातील ट्रान्झिस्टरवर आधारित परिवर्तक-मंडल तापमानास संवेदनशील असते. त्याची भरपाई केली नाही तर दर अंश सेल्सिअसमागे सप्तकाच्या मापात सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. नरखेडच्या परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २५ अंशांवर सुरात लावलेले असे मंडल ४५ अंशांवर वापरल्यास सप्तकाच्या मापात साडेसहा टक्क्यांची चूक होईल. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर ही चूक सुमारे ८० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडीच कमी. प्रमाणश्रुतीचे अंतर २२ सेंटच्या आसपास मानले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य लक्षात येईल. चांगल्या वाद्यांत भरपाईची योजना असते, पण तीही मर्यादित असते. तात्पर्य, ज्या गुणासाठी लाखो रुपये मोजावयाचे, तो गुण टिकविण्यासाठी वातानुकूलित खोलीचाही खर्च धरावा लागतो.

आजच्या आज्ञावली हा सूक्ष्म फरकही गणिताने निर्माण करतात. एकट्या वाद्यासमोर बसलेल्या जाणकाराला भेद जाणवू शकेल. परंतु इतर वाद्यांच्या मेळात ध्वनिमुद्रित झालेला तो नाद मोबाइलवर ऐकणाऱ्याला वेगळा ओळखता येणे कठीण आहे. केवळ नादासाठी ही किंमत समर्थनीय ठरत नाही.

५.२ कार्यपद्धती : दुसरा घटक अधिक महत्त्वाचा आहे. मॉड्युलर वाद्यात तयार आवाज नसतो. काहीही न जोडता कळ दाबली तर काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक नाद वादकाला मुळापासून उभारावा लागतो. त्यामुळे नाद कशाने बनतो, हे तो हाताने शिकतो. जोडणी जपून ठेवता येत नाही. तार काढली की आवाज गेला. म्हणून कानाला आणि स्मृतीला काम राहते. तयार की-बोर्डवर शेकडो आवाजांतून एक निवडणे आणि येथे एक आवाज घडविणे, या दोन क्रियांत वाचन आणि लेखन यांच्याइतके अंतर आहे.

या घटकात आणखी एक गुण सामावलेला आहे. जुन्या घडणीच्या वाद्यात सुटे, डोळ्यांना दिसणारे भाग वापरलेले असतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे जुने कसब असणारा कारागीर आराखडा हाती असल्यास त्यातील कपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर बदलू शकतो. १९७० च्या दशकातील अनेक वाद्ये म्हणूनच आजही वाजती आहेत. उलट, मोबाइलमधील आज्ञावली नव्या प्रणालीवर चालेनाशी झाली की ती दुरुस्त करणे वापरणाऱ्याच्या हाती नसते. तीस-चाळीस वर्षांच्या वापराचा हिशेब केला तर महाग वाद्य वाटते तितके महाग राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र हा लाभ सुट्या भागांच्या कोणत्याही चांगल्या वाद्याला मिळतो. त्यासाठी विशिष्ट नाममुद्रा लागत नाही.

५.३ दुर्मीळता : उरलेली किंमत दुर्मीळतेची आणि इतिहासाची आहे. मर्यादित संख्या, जुन्या अक्षरांच्या धातूच्या पट्ट्या, लाकडी पेटी आणि नामवंत संगीतकारांच्या आठवणी यांचे हे मोल आहे. ते खोटे नाही, पण सांगीतिकही नाही. संत्र्याच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. फळाची गोडी बागेत ठरते आणि भाव बाजारात ठरतो. दोन्हींचा मेळ बसतोच असे नाही.

६. भारतातील दोन दाखले

मॉड्युलर सिंथेसायझर भारतात फार लवकर आला होता, ही गोष्ट अलीकडे पुन्हा प्रकाशात आली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर वाद्यासह विद्युत्-संगीताचा कक्ष उभारला. संस्थेच्या उभारणीत साराभाई कुटुंबाचा मोठा वाटा होता. त्याच कुटुंबातील गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. त्यांच्यासह अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी या कक्षात रचना केल्या. त्यानंतर काही वर्षांतच हे काम थांबले आणि ध्वनिफिती संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पुरगस यांनी त्या शोधून काढल्या. १९६९ ते १९७२ या काळातील निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या.

या दाखल्याचे दोन अर्थ निघतात. एक, वाद्य उत्तम होते, जागतिक दर्जाच्या संगीतकाराने ते बसवून दिले होते आणि तरीही शिकविणाऱ्यांची परंपरा उभी न राहिल्याने त्याचा वंश वाढला नाही. दोन, जे काही शिल्लक राहिले आणि आज ऐकण्याजोगे वाटते, ते वाद्य नसून त्या चार-पाच व्यक्तींनी केलेले काम आहे. वाद्यावरील खर्च आणि माणसांवरील खर्च यांत संस्थांनी कशाला अग्रक्रम द्यावा, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरा दाखला मुंबईचा आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांवर आधारित एक ध्वनिमुद्रिका केली. तीत रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ वापरले होते. ही वाद्ये मॉड्युलर नव्हती, पण किमतीच्या प्रश्नासाठी हा दाखला मोलाचा आहे. टीबी-३०३ ला तेव्हा काहीच प्रतिष्ठा नव्हती. ते बास गिटारची जागा घेण्यासाठी बनविलेले, न खपलेले यंत्र होते आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची सोय रागाच्या मिंडीला जवळची आहे, हे सिंग यांच्या कानाने ओळखले. ध्वनिमुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर तिची जगभर चर्चा झाली. आज जुने टीबी-३०३ मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जाते. म्हणजे वाद्य जेव्हा सर्वांत स्वस्त होते, तेव्हाच त्यातून सर्वांत नवे काही निघाले.

७. महाराष्ट्रातील समांतर विचार

असा प्रश्न मराठी भूमीत नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी सेवेतील ई. क्लेमेंट्स यांच्यासह त्यांनी श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला. साध्या पेटीचे बारा सूर आपल्या संगीताला अपुरे आहेत, हा देवलांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही नाट्यगृहात, कीर्तनात आणि भजनात राहिली ती साधी पेटीच. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम पुन्हा सिद्ध केली आहे. श्रेष्ठ नाद देणारे वाद्य आणि समाजात रुजणारे वाद्य ही एकच असतात असे नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

मिरजेच्या तंबोऱ्याचा दाखला मात्र महाग वाद्याच्या बाजूने बोलतो. एकोणिसाव्या शतकात शिकलगार कुटुंबांनी सुरू केलेल्या या व्यवसायातील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडे, बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आज मोबाइलवरही तंबोरा वाजतो. मग मिरजेच्या तंबोऱ्याला हजारो रुपये का द्यावेत? कारण तो लावावा लागतो. तारेखालचा दोरा सरकवून नादातील स्वयंभू गंधार ऐकू येईपर्यंत विद्यार्थ्याचा कान घडत असतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा सूर देतो, सूर लावण्याचे शिक्षण देत नाही. येथे किंमत कार्यपद्धतीची आहे आणि ती रास्त आहे. तथापि, या शिक्षणासाठी कोणताही सुघड तंबोरा पुरतो. एखाद्या थोर गवयाच्या बैठकीतील शंभर वर्षांचा तंबोराच हवा, असा आग्रह कोणी धरीत नाही. जुन्या घडणीच्या सिंथेसायझरचे चाहते नेमका हाच आग्रह धरतात.

८. स्थानिक संदर्भ

विदर्भात वाद्य आणि परिणाम यांचा संबंध तपासताना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. हातात मावणाऱ्या, अल्प किमतीच्या त्या वाद्याच्या साथीने त्यांनी हजारोंचे समुदाय बांधून ठेवले. यावरून स्वस्त तेच श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. खंजिरीचे सामर्थ्य तिच्यामागील वाणीत आणि तपश्चर्येत होते. परंतु वाद्याचे मूल्य वापरणाऱ्याच्या साधनेबाहेर स्वतंत्रपणे ठरत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आमच्या भागातील विद्यार्थ्याकडे बहुधा एक मोबाइल असतो आणि सुरांचे पहिले संस्कार भजनाच्या बैठकीत झालेले असतात. विद्युतदाबाचा चढउतार नित्याचा आहे. महाविद्यालयाने खरेदी केलेला एक की-बोर्ड अशाच एका झटक्याने बंद पडला आणि दुरुस्तीअभावी दोन वर्षे कपाटात राहिला, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. अशा ठिकाणी सहा लाखांचे वाद्य आले तर ते कुलुपात राहील. हात न लागलेले मॉड्युलर वाद्य निरुपयोगी आहे, कारण हात लावणे हाच त्याचा खरा गुण आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) केवळ जुना नाद हवा असल्यास जुन्या घडणीच्या मॉड्युलर सिंथेसायझरची किंमत समर्थनीय नाही. तो नाद आज अल्प खर्चात मिळतो.

(२) नाद मुळापासून घडविण्याची पद्धत हे या वाद्याचे खरे मूल्य आहे आणि त्यासाठी प्रत्यक्ष तारा, प्रत्यक्ष बटणे यांना पर्याय नाही. परंतु हे मूल्य साध्या युरोरॅक घटकांतूनही मिळते.

(३) ज्या संगीतकाराने या वाद्यावर वर्षानुवर्षे काम करण्याचे ठरविले आहे, त्याला टिकाऊपणा आणि दुरुस्तीची सोय यांमुळे मोठी किंमतही परवडू शकते. संग्राहकाच्या बाबतीत हा प्रश्न संगीताचा राहत नाही.

(४) ग्रामीण महाविद्यालयाने आरंभ विनामूल्य आज्ञावलीने करावा, दुसऱ्या टप्प्यात तीन-चार साधे प्रत्यक्ष घटक आणि विद्युतदाब स्थिर ठेवणारे उपकरण घ्यावे आणि उरलेला पैसा शिकविणाऱ्या माणसावर खर्च करावा. या सर्वांआधी एक मिरजेचा तंबोरा घ्यावा. ज्याला सूर लावता येतो, त्यालाच सूर घडविता येईल.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. लाखो रुपयांपैकी थोडे आवाजाचे आहेत, त्याहून थोडे अधिक शिकण्याचे आहेत आणि बहुतेक आठवणींचे आहेत. आवाज त्याच्या मोबाइलमध्ये आला आहे. शिकण्याची सोय करून देणे हे आमचे काम आहे. आठवणी विकत घेण्याची त्याला गरज नाही. त्या त्याच्या स्वतःच्या कामातून पुढे तयार व्हावयाच्या आहेत.